दुसऱ्यांच्या मशाली

२५ ऑगस्ट, सोम.

सहा पासवर्ड आले. यंदाही गाडीत बसल्यावरच आठवण झाली सगळ्यांना. संतोषभाऊचा सगळ्यात शेवटी, पेणच्या पुढे गेल्यावर. पासवर्ड काय, तर गावाचं नाव आणि पुढे जन्मसाल. गेल्या वर्षी तोच, त्याच्या आधीही तोच. सोबत आवाजी निरोप: "विनू, मशाल विझूक देव नको हां. बाप्पा तुझा भला करतलो."

बाप्पा करेल तेव्हा करेल. मी वहीत उतरवून घेतले. लिफ्टच्या सर्व्हिसची जुनी वही, मागची पानं कोरी आहेत.

बाहेर कोणाला सांगितलं तर थुंकेल तोंडावर. चाळिशीला टेकलेली माणसं, आणि फोनवर किल्ल्याचा खेळ. प्रत्येकाच्या बुरुजावर एक मशाल. रोज एकदा खेळात शिरून ती पेटवायची, खाली वेळ उमटते. एक दिवस चुकला की विझली, मोजणी परत एकपासून. संतोषभाऊची पाच वर्षं अखंड पेटतेय, बायकोच्या वाढदिवसाची तारीख मात्र त्याला विचारू नये. टोळीत आम्ही नऊ जण, त्यातले सहा कोकणातले. गणपतीत सहाच्या सहा गावाला. तिथे रेंज नाही, आणि असली तरी आरतीत फोन काढला तर म्हातारे पाठीत घालतील. म्हणून राखणीला मी. टोळीत मला राखणदारच म्हणतात. मी गणपतीत गावाला जात नाही ना.

२७ ऑग., बुध. चतुर्थी.

सकाळी ७.१० ला कन्नमवार नगरच्या टपरीवर चहा, एका हातात कटिंग, एका हातात फोन. एकाचं खातं बंद, दुसऱ्याचं उघड, मशाल, बंद. सहा वेळा. मग स्वतःची. टपरीवाला म्हणाला, साहेब काय ट्रेडिंग करता का. हो म्हटलं.

नंतर मुलुंडला दोन सोसायट्या. सण असला की लिफ्टला सुट्टी नसते. एकीत मखरच लिफ्टमधून न्यायला गेले आणि दार वाकवून बसले. गेटवर रजिस्टरात नाव, फोन, कुठून आला, कोणाकडे. दिवसाला सहा-सात गेट. मी "विनोद, लिफ्ट" एवढंच लिहितो. आडनावाचा रकाना मोकळा. वॉचमन काही म्हणत नाही.

घरी आल्यावर सुजाताने वही पाहिली. ती पतपेढीत काउंटरला बसते, वहीत पासवर्ड पाहून तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिजोरी उघडी टाकून आलोय. मी खेळाचे आहेत म्हटलं. तिने वही मिटली. "पाच वर्षं दुसऱ्यांच्या मशाली राखतोस. त्यांना तुझं आडनाव तरी माहीत आहे का?"

नाहीये माहीत.

२९ ऑग., शुक्र.

सकाळी संतोषभाऊच्या खात्यात शिरलो तर मधेच बाहेर फेकला गेलो. "दुसऱ्या फोनवर चालू आहे." परत शिरलो, मशाल पेटवली, निघालो. गावाला रेंज सापडली असेल देवळामागे. सांगायला पाहिजे होतं का? फोन लागत नाही त्याचा. जाऊ दे.

४ सप्टें., गुरु.

मंडळी परतली. संतोषभाऊ दुपारी बोरिवलीला पोचला, आंघोळीआधी खेळात शिरला म्हणे. पंचधातूची तोफ गायब. ती तोफ म्हणजे काय ते लिहायलाही लाज वाटते. तीन वर्षं लढून मिळालेलं एक चित्र. पण माणूस म्हैस मेल्यासारखा बसला होता कॉलवर. संध्याकाळी आठला सगळे ऑनलाइन, कोणी खेळेना. प्रत्येकजण हळहळून गेला. गावी कोणाच्या घरी काही झालं असतं तरी इतकी माणसं जमली नसती.

मग कोणीतरी विचारलं, पासवर्ड कोणाकोणाकडे होता.

माझ्याकडे होता. सगळ्यांना माहीत आहे माझ्याकडे होता.

२९ तारखेचं सांगितलं मी, बाहेर फेकलो गेलो ते. संतोषभाऊ म्हणाला तो गावी एकदाही शिरला नव्हता. मग निखिल, अंधेरीचा, जाहिरातीच्या ऑफिसात असतो आणि मराठी वाक्यात तीनच शब्द मराठी वापरतो, तो म्हणाला, इंटरेस्टिंग.

त्याच दिवशी बोललो असतो तर हे ऐकावं लागलं नसतं. माझीच चूक.

६ सप्टें., शनि. अनंत चतुर्दशी.

ग्रुपवर माझ्याशी कोणी बोलत नाही. भांडलं असतं तर बरं होतं. "गुड मॉर्निंग"ला सगळ्यांची उत्तरं सगळ्यांना, मला सोडून. संतोषभाऊने सगळ्यांना गुळाचं खाजं आणलंय गावाहून. दरवर्षी माझी पुडी दादर स्टेशनला पुलाखाली देतो. यंदा कधी येतोस असं विचारलं नाही.

मी तोफेचं काय करणार होतो? माझ्या बुरुजावर ती बसतसुद्धा नाही. माझी पातळी कमी आहे, कारण माझी मशाल दर दसऱ्याला विझते. टोळीत हा जुना विनोद आहे, राखणदाराची स्वतःची विझते. सगळे हसतात, मीही हसतो. का विझते हे पाच वर्षांत एकानेही विचारलेलं नाही.

८ सप्टें., सोम.

खेळाच्या कंपनीचं पत्र आलं, सगळ्यांना एकदम. चोरी झालीय. त्यांच्या कोठारातून खेळाडूंची नावं, फोन, जन्मतारखा, पिनकोड, पासवर्ड गेले. कधी गेले, तर ऑगस्टमध्येच. कळवायला सप्टेंबर उजाडला. "आपली सुरक्षितता आम्हाला सर्वाधिक महत्त्वाची वाटते." वाटते म्हणे. घर फुटल्यावर कुलपाचं कौतुक.

मी घाटकोपरला लिफ्टच्या टपावर उभा होतो तेव्हा वाचलं. खरं सांगायचं तर इतका आनंद झाला की पाय घसरला असता. सुटलो. तोफ चोरांनी नेली.

संध्याकाळी ग्रुपवर मी काही बोलायच्या आत सगळे बरसले. वाटलं आता फोन नंबर, जन्मतारखा, याबद्दल बोलतील. एकाच्या बायकोचं कार्ड खात्याला जोडलेलं आहे, तिच्याबद्दल बोलतील. छे. चिलखत राहिलं का, दारूगोळा राहिला का, मशालीची मोजणी तर नाही ना गेली. एकजण रडकुंडीला आला होता की त्याचं टोपणनाव कोणी चोरलं तर. नाव काय, तर "कोंबडीवडा७". कोण चोरणार आहे रे?

संतोषभाऊ एवढंच बोलला: कंपनीचं काय ते बघू. माझ्याबद्दल काही नाही.

९ सप्टें., मंगळ.

निखिलने कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. दीड पान. त्यात "आमचा समुदाय" सहा वेळा. मग ठराव केला, आज रात्री आठपासून बहिष्कार, कोणीही खेळायचं नाही, कंपनी गुडघ्यावर येईल. सगळ्यांनी मुठी पाठवल्या.

आठ वाजून वीस मिनिटांनी सगळ्यांच्या मशाली पेटलेल्या. निखिलची ८.०४.

विचारलं तर म्हणाला मशाल पेटवणं म्हणजे खेळणं नव्हे. उंटावरचा शहाणा.

१० सप्टें., बुध.

हे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

कंपनीने सांगितलं, पासवर्ड बदला, कोणालाही सांगू नका. दुपारपर्यंत सगळ्यांनी बदलले. आणि दोन ते चारच्या दरम्यान पाच जणांनी नवीन पासवर्ड मला पाठवले. सवयीने. "राखणदार, नोंद करून ठेव, दिवाळीला परत जायचंय." ज्या माणसाशी चार दिवसांपूर्वी तोफचोर समजून बोलत नव्हते त्यालाच. एकाने तर थेट ग्रुपवर टाकला, म्हणजे सगळ्यांकडेच असलेला बरा.

चोरांनी एवढे कष्ट उगाच घेतले. ग्रुपमध्ये यायचं, नमस्कार करायचा, मिळाले असते.

संतोषभाऊचा मात्र नाही आला. पहिल्यांदाच. बाकीच्या पाचांचा मूर्खपणा पाहून हसू येत होतं, पण डोळे त्या सहाव्याची वाट बघत होते. हेही लिहून ठेवतो.

१३ सप्टें., शनि.

चोरलेली यादी नेटवर उघडी पडली आहे. टोपणनाव टाकलं की खरा माणूस बाहेर. निखिलने सगळ्या टोळीची माहिती एका तक्त्यात भरली आणि ग्रुपवर टाकली, "सेफ्टीसाठी, म्हणजे प्रत्येकाला आपलं काय लीक झालं ते कळेल." आठ ओळी. स्वतःची ओळ विसरला, बिचारा.

रोशनी, आमच्यातली एकटी बाई, घाटकोपरला शिकवणी घेते. तिने पाच मिनिटांत नववी ओळ जोडून दिली. निखिल अंधेरी वेस्टचा नाही. पिनकोड देवनारचा. पाच वर्षं "आमच्या लोखंडवाला साइडला" ऐकलंय आम्ही. मी खूप हसलो. एकटाच, मोठ्याने, स्वयंपाकघरात. सुजाताने विचारलं काय झालं.

रोशनी एकोणतीस सांगायची, निघाली एक्केचाळीस. तिने स्वतःच लिहिलं, "बरं झालं, केस रंगवायचा खर्च वाचला." मानली तिला.

मग माझ्या ओळीवर आलो. टोपणनाव: लिफ्टमन. खरं नाव: विनोद भीमराव खंडारे. जन्मगाव वाशीम. विक्रोळी.

हसणं थांबलं. सगळ्यांनी वाचलं असणार. निखिलच्या देवनारवर चाळीस निरोप आले. माझ्या ओळीवर एकही नाही. कोणी विनोदही केला नाही, आणि त्यावरूनच कळलं.

१४ सप्टें., रवि.

पाच वर्षांची कारणं आठवून काढली. गणपतीला गावी का जात नाहीस, याची.

पहिलं वर्ष: सुतक आहे, चुलते गेले. खेळायला लागून महिनाच झाला होता. संतोषभाऊने "विनू, तुझा गाव खयचो रे, गणपतीक जातलंस मा" विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. दुसरं वर्ष: आतेचं सुतक. तिसरं: भाऊबंदकीत गणपती वाटून गेला, यंदा त्यांच्याकडे. चौथं: रजा नाही. यंदा: परत सुतक. मावशी. माझी मावशी कारंज्याला आहे, ठणठणीत, परवाच तिने मला फोनवर शिव्या घातल्या.

आणि दसऱ्याला नागपूर? "काकांचं कोर्टाचं काम." दरवर्षी दसऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी कोर्ट चालतं असं मी आपणहून सांगितलंय, आणि आठ जणांपैकी एकालाही शंका आली नाही.

मी दिवसभर या लोकांना हसतो. पण रजिस्टरातला आडनावाचा रकाना मोकळा सोडणारा मीच. खेळाच्या कंपनीच्या अर्जात मोकळा सोडता आला नाही, लाल चांदणी होती त्या रकान्याला. म्हणून भरला. तेवढ्याने सगळं बाहेर आलं.

कोणी विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं का? माहीत नाही. बहुधा अजून एक मावशी मारली असती.

१५ सप्टें., सोम.

सुजाताला सांगितलं. वाटलं बोलेल, बघ, सांगत होते. ती कपडे घड्या घालत होती, घालत राहिली. म्हणाली तिच्या पतपेढीत पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं होतं, तिच्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो आहे. कोणाला त्रास झाला असेल तर तो त्यांचा त्यांनी सोसला. मग विचारलं, तुला त्यांच्याकडून नक्की काय हवंय?

खाज्याची पुडी, म्हटलं. ती हसली, मीही हसलो. पण खरंच तेवढंच हवंय. त्याने पुलाखाली उभं राहावं, उशीर झाला म्हणून शिव्या घालाव्या, पुडी हातात द्यावी. चाळिशीला आलेल्या माणसाने हे मागावं, याची किळस येते.

१७ सप्टें., बुध.

संतोषभाऊचा फोन. मी लिफ्टच्या खड्ड्यात होतो, ग्रीसचे हात. आधी तोफेबद्दल बोलला, कंपनी परत देणार म्हणते. मग हवापाणी. मग मुद्दा.

"आमच्यात तसला काय नसता रे, विनू. पण खोटा कित्याक बोललंस?"

मी म्हटलं, सांगायची वेळ आली नाही. तो म्हणाला, पाच वर्षांत तीन सुतकं पाळलीस ती कोणाची? त्याने म्हणे दोनदा माझ्या चुलत्यासाठी, आतेसाठी, गावच्या गणपतीपुढे हात जोडले होते. नाव घेऊन. खरंच जोडले असतील. तो तसा आहे.

माफी मागितली. तो "ठीक आसा" म्हणाला आणि ठेवला.

मग दिवसभर त्या पहिल्या वाक्याने डोकं खाल्लं. आमच्यात तसला काय नसता. आमच्यात म्हणजे कोणात? नसतं तर सांगावं का लागतं? आणि नवीन पासवर्ड का नाही आला? आणि खोटं तर मी बोललो होतोच. दोन्ही खरं आहे, म्हणून तर राग धड कोणावर काढता येईना. लिफ्टच्या मोटारीच्या खोलीतल्या उंदरावर काढला.

२१ सप्टें., रवि.

कंपनीची भरपाई आली. सगळ्यांना, सरसकट, एक घोडा. हिरवा. शेपटीतून ठिणग्या पडतात.

संपलं. फोन नंबर बाजारात पडलेत, दिवसाला दहा अनोळखी माणसं कर्ज देऊ का विचारतात, रोशनीच्या शिकवणीच्या नंबरवर कोणीतरी घाणेरडं बोलून गेलं. पण घोडा हिरवा आहे. ग्रुपवर फक्त घोडे. कोणाची शेपटी लांब, कोणाचा उडी मारतो. निखिलने "कंपनी ऐकते, आपण आवाज उठवला म्हणून" असं लिहिलं. बहिष्काराचा वीर. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं, आणि यांना वरात दिसलीच नाही, घोडं तेवढं दिसलं.

संतोषभाऊची तोफ परत आली. कंपनीनेच लिहिलं की २९ तारखेला परदेशातून कोणीतरी शिरलं होतं. त्याने ते पत्र ग्रुपवर टाकलं. "तोफ गावली." सगळ्यांनी फटाके वाजवले.

मी वाट पाहिली. जेवेपर्यंत पाहिली. विनू, माफ कर, एवढे तीन शब्द. चोर मी नव्हतो हे कागदावर आलं, त्यात माझं नावच नाही.

मी पण फटाका पाठवला. लाज नाही मला.

२४ सप्टें., बुध.

ते पाच पासवर्डही गेले. एकेकाने बदलले, नवीन पाठवले नाहीत. एकाने कळवलं तरी, "कंपनी म्हणते कोणाला देऊ नये म्हणून, बाकी काही नाही हां." बाकी काही नाही हां. कंपनीने हेच दोन आठवड्यांपूर्वी सांगितलं होतं तेव्हा ग्रुपवर टाकत होतास बाबा.

वहीची ती पानं फाडली. मागे मुलुंडच्या एका लिफ्टची नोंद होती, ती परत लिहावी लागली.

२६ सप्टें., शुक्र.

रोशनीचा फोन. ती सरळ बोलते. म्हणाली, संतोष वाईट माणूस नाही पण त्याला माफी मागता येत नाही, त्याच्या बायकोला विचार. मी म्हटलं माझं भांडणच नाही कोणाशी. ती म्हणाली तेच तर, पाच वर्षं राखण केलीस, एकदा तरी कोणाला म्हणालास का की माझी राख? तुझी दरवर्षी विझते आणि तू हसतोस. आम्हाला वाटलं तुला पर्वा नाही.

मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाही.

"तू सांगितलं नाहीस," ती म्हणाली. मग तिची मुलं आली शिकवणीला.

आता बोलणं सोपं आहे तिला. वयच तर लपवलं होतं. एकोणतीसची एक्केचाळीस झाली तर लोक हसतात आणि विसरतात. पण ती जे बोलली ते मला खोडून काढता आलं नाही.

२८ सप्टें., रवि.

निखिलचा खासगी निरोप. लांबलचक, पहिल्यांदाच मराठीत. त्याने ती यादी टाकायला नको होती. त्याच्या ऑफिसात कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूला राहतो म्हटलं की लोक नाकाला हात लावतात, म्हणून अंधेरी. तुला कळेल, असं लिहिलंय शेवटी.

मला का कळेल? मला कशाला या पंगतीत बसवतो? उत्तर लिहिलं, खोडलं. परत लिहिलं. शेवटी "ठीक आहे" पाठवलं. संतोषभाऊसारखं.

कळलं अर्थातच. रागही त्याचाच आला.

३० सप्टें., मंगळ.

उद्या निघतोय. सुजाता, आई, मी. आईने पांढरी साडी इस्त्रीला दिली, पोळ्या-चटणी उद्याच करायची ठरलंय. परवा दसरा. दीक्षाभूमीवर दोन दिवस फोनला रेंज मिळत नाही, माणसंच इतकी असतात. दरवर्षी तिथेच विझते माझी.

दुपारी कांजूरच्या सोसायटीच्या गेटवर रजिस्टर आलं. विनोद खंडारे लिहिलं. वॉचमनने बघितलंही नाही, त्याला फक्त वेळ हवी होती. एवढ्यासाठी इतकी वर्षं.

आठ वाजता ग्रुपवर लिहिलं. चार वेळा लिहून पुसलं होतं, पाचव्यांदा गेलं:

"उद्या नागपूरला चाललोय, दीक्षाभूमीला. कोर्टाचं काम कधीच नव्हतं. सुतकंही नव्हती. दोन दिवस रेंज नसेल. माझी मशाल कोणी राखेल का?"

आणि खाली पासवर्ड. आजच बदललेला. कंपनी म्हणते कोणाला सांगू नका. मी आठ जणांना सांगितला. या लोकांना गेले तीन आठवडे मूर्ख म्हणतोय, आणि सगळ्यात मोठा मूर्खपणा मीच केला.

दहापर्यंत आठही जणांनी वाचलं. निळ्या खुणा आठ. उत्तर नाही. मधे एकाने घोड्याचं विचारलं, घोडा खातो काय. त्याला तिघांनी उत्तर दिलं.

१ ऑक्टो., बुध.

गाडीत. सकाळी निघताना स्वतःची पेटवली, आजचा प्रश्न नाही. उद्याचा आहे. ग्रुप उघडला नाही. आईला खिडकी दिली. ती विचारते, फोनमध्ये एवढं काय आहे.

३ ऑक्टो., शुक्र. परतीच्या गाडीत.

काल रेंज आलीच नाही. आलीही असेल, मी पाहिलं नाही. रांगेत आईचा हात धरला होता. पुस्तकांच्या दुकानातून सुजाताने पिशवी भरली. ऊन होतं, पाय सुजले, खूप बरं वाटलं. दिवसभरात एकदाही कोणाला गाव विचारावं लागलं नाही आणि सांगावंही लागलं नाही.

आत्ता अकोल्याला रेंज आली. आधी ठरवलं बघायचं नाही. मग बघितलं.

मशाल पेटलेली आहे. खाली कालची वेळ, सकाळी ५.४०.

बाकी सगळं जागच्या जागी. घोडा पण आहे. ग्रुपवर कोणी एक अक्षर लिहिलेलं नाही, माझ्या निरोपाखाली अजून घोड्याचंच चाललंय. पेटवणाऱ्याने सांगितलेलं नाही, बाकीच्यांनी विचारलेलं नाही. नऊ जणांच्या टोळीत कधीही कोणी गप्प राहून काही केलेलं नाही. हे पहिलंच.

५.४० ला कोण जागं असतं? रोशनी पावणेसहाला चालायला जाते. संतोषभाऊकडे बोरिवलीत साडेपाचला पाणी येतं, तो बादल्या भरतो. निखिल त्या वेळेला उठतो असं नाही, पण देवनारहून अंधेरीला साडेआठला पोचायचं तर उठत असेलही.

रोशनी असेल तर आभार मानीन. निखिल असेल तर त्या "ठीक आहे"ची लाज वाटेल. संतोषभाऊ असेल तर काय वाटेल ते मला माहीत नाही, आणि तोच असावा असं वाटतंय, याचा रागही येतोय.

विचारायचं की नाही, दादर येईपर्यंत ठरवायचं आहे. आई झोपली आहे. आजची अजून पेटलेली नाही. पेटवणारा पेटवतो का बघू म्हणून मी हात लावलेला नाही, संध्याकाळचे सात वाजत आलेत, रात्री बाराला विझेल.